चेन आणि चक्री : शेतयंत्रांविषयी वाचकांचे प्रश्न

सोयाबीनची सोंगणी जवळ आली की या सदराकडे मळणीयंत्राविषयीची पत्रे येऊ लागतात, आणि यंदा त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : चेन आणि ती ज्यांवरून फिरते ती दातेरी चाके. या चाकाला कोणी स्पॉकेट म्हणतात, कोणी चक्री म्हणतात. येथे चक्री हा सुटसुटीत शब्द घेतला आहे. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या मळणीयंत्राची चेन तीन हंगाम चालली. गेल्या वर्षी ती चक्रीवरून उड्या मारू लागली, म्हणून मिस्त्रींनी दोन कड्या काढून ती आखूड केली. आठ दिवसांत पुन्हा तेच सुरू झाले. वावरात अर्धी गंजी शिल्लक असताना तालुक्याहून नवी चेन आणून बसवली, तर ती पहिल्या दिवसापासून कटकट आवाज करते. दुकानदाराने हलकी चेन दिली असे समजावे काय?
(शेतकरी, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती)

उत्तर : चेन हलकी असू शकते, परंतु आपण लिहिलेल्या लक्षणांवरून दुकानदाराला दोष देण्याआधी चक्रीचे दाते पाहावेत असे मला वाटते. जुन्या चक्रीवर नवी चेन बसवली की नेमका असाच आवाज येतो.

याचे कारण समजण्यासाठी चेन लांबते म्हणजे काय होते ते पाहू. लोखंडाच्या पट्ट्या ताणून लांब होतात असा समज सर्वत्र आहे, पण नेहमीच्या वापरात तसे जवळजवळ होत नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, पिनेभोवती बुश नावाची बारीक नळी असते आणि बुशावर रोलर फिरतो. चेन चक्रीवर चढताना आणि उतरताना प्रत्येक सांधा वाकतो व सरळ होतो, आणि त्या वेळी पिन व बुश एकमेकांवर घासतात. ही झीज अगदी थोडी असते. पण समजा आपली चेन पाऊण इंची आहे, म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर १९.०५ मिलिमीटर आहे, आणि तिला ८० सांधे आहेत. प्रत्येक सांध्यात कागदाच्या दोन पानांइतकी, म्हणजे ०.२ मिलिमीटर, झीज झाली तरी पूर्ण चेन १६ मिलिमीटरने लांबते. या पिनेपासून पिनेपर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात.

आता चक्रीचे दाते मूळ पिचसाठी कापलेले आहेत, आणि चेनचे पिच वाढलेले आहे. अशा चेनचे रोलर दात्यांमधल्या खोबणीच्या तळाशी बसू शकत नाहीत. वाढलेल्या पिचला मोठे वर्तुळ लागते, म्हणून रोलर दात्याच्या उतारावर वर चढून बसतात, आणि झीज फार झाली की टोकावरून पलीकडे उडी मारतात. दोन कड्या काढल्याने चेनची एकूण लांबी कमी झाली आणि ढिलाई गेली. उरलेल्या प्रत्येक कडीचे पिच मात्र वाढलेलेच राहिले. म्हणून आठ दिवसांत पूर्वीचीच स्थिती आली. मिस्त्रींनी हंगामात वेळ मारून नेली यात त्यांची चूक नाही, पण तो इलाज फार तर चालू गंजी पुरी करण्यापुरता असतो.

वर चढलेले रोलर दात्याची एकच बाजू खातात आणि दाता मांजराच्या नखासारखा एका बाजूला वळतो. अशा चक्रीवर नवी, अचूक पिचची चेन घातली की सगळा भार अनेक दात्यांवर वाटला न जाता एकदोन दात्यांवर येतो. दात्याच्या आकडीतून रोलर सुटताना कटकट होते आणि नवी चेन एका हंगामात जुन्या चेनच्या वाटेला लागते. चेन आणि दोन्ही चक्र्या एकदम बदलणे महाग वाटते हे मला ठाऊक आहे, पण दोन वर्षांचा हिशेब मांडला तर चेन एकटी बदलणेच महाग पडते.

झीज मोजणे घरी शक्य आहे. चेन काढून, धुऊन, सपाट फळीवर ताणून ठेवावी. पाऊण इंची चेनच्या १६ पिचची लांबी आणि अर्धा इंची चेनच्या २४ पिचची लांबी बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असते. ती एका पिनेच्या मध्यापासून मोजावी. २ टक्के वाढ, म्हणजे १२ इंचांमागे साधारण पाव इंच वाढ दिसली की चेन बदलावी. त्याआधी १ टक्क्यालाच बदलली तर चक्र्या पुष्कळदा वाचतात, आणि माझा आग्रह तसा करण्याचाच राहील.

प्रश्न : अशी रोलरची चेन कोणी शोधली?
(याच पत्रलेखकांच्या मुलाचा प्रश्न)

उत्तर : स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये बुश आणि रोलर असलेल्या चेनचे पेटंट घेतले. त्याआधीच्या चेनमध्ये पिनेचा सगळा भार पातळ पट्ट्यांच्या भोकांच्या कडेवर येई आणि ती भोके लवकर मोठी होत. रेनॉल्ड यांनी बुश घातल्याने तो भार पिनेच्या जवळजवळ सगळ्या रुंदीवर पसरला, आणि रोलर फिरता ठेवल्याने दात्यावरचे घासणे कमी झाले. त्यांनी आदल्याच वर्षी चेनचा जो कारखाना विकत घेतला होता, तो कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवत असे. वऱ्हाडचा कापूस ज्या लँकेशायरमध्ये जात होता, त्याच मुलखातली ही गोष्ट आहे, म्हणून ती मला आपल्याकडच्या मुलांना सांगावीशी वाटते.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने सोयाबीन पेरले. दोन दाण्यांत ५ सेंटिमीटर अंतर पडेल असे सांगितले होते, उगवल्यावर पाहतो तर सात-आठ सेंटिमीटरवर एक रोप आहे. बियाणे घरचे होते आणि उगवणशक्ती तपासलेली होती. यंत्रात काही बदलता येते काय?
(ट्रॅक्टरमालक, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम)

उत्तर : येते, आणि बदलण्याची जागा चेनच्या दोन टोकांवरच आहे. आपल्या यंत्रात जमिनीवरून फिरणारे एक चाक असते. त्याच्या दांड्यावरची चक्री चेनने बियाण्याच्या डब्यातील तबकड्यांचा दांडा फिरवते, आणि तबकडीच्या खाचांतून एकेक दाणा खाली पडतो. म्हणून दोन दाण्यांतील अंतर ट्रॅक्टरच्या वेगावर अवलंबून नसून तीन गोष्टींवर असते : जमिनीच्या चाकाचा घेर, तबकडीच्या खाचा आणि दोन चक्र्यांच्या दात्यांचे गुणोत्तर. मात्र फार वेगाने चालवल्यास खाचा भरत नाहीत, हा निराळा दोष आहे.

उदाहरण घेऊ. चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर असेल तर घेर १५७ सेंटिमीटर होतो. तबकडीला २० खाचा आहेत आणि दोन्ही चक्र्या १६ दात्यांच्या आहेत. मग चाकाच्या एका फेऱ्यात तबकडीचाही एक फेरा होईल, २० दाणे पडतील आणि अंतर ७.८५ सेंटिमीटर येईल, म्हणजे साधारण आपल्या वावरात दिसते तेवढेच. आता जमिनीच्या चाकाकडील चक्री २४ दात्यांची केली, तर तबकडी दीडपट वेगाने फिरेल, ३० दाणे पडतील आणि अंतर सव्वापाच सेंटिमीटरच्या आसपास येईल. ओळींमधले अंतर ४५ सेंटिमीटर धरले तर पहिल्या स्थितीत एकरी सुमारे १ लाख १५ हजार दाणे पडतात आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे १ लाख ७२ हजार. आठ दात्यांच्या फरकाने एवढे घडते.

लक्षात ठेवण्याचा नियम असा की, चालवणाऱ्या बाजूचे, म्हणजे जमिनीच्या चाकाकडील, दाते वाढवले की पेरा दाट होतो आणि तबकडीकडील दाते वाढवले की विरळ होतो. पुष्कळ यंत्रांबरोबर दोन-तीन मापांच्या चक्र्या मिळतात. त्या गोठ्यात कोठे तरी पडून राहतात आणि यंत्र आले तसेच चालवले जाते. चक्री बदलल्यावर चेनची लांबी पुन्हा जुळवून घ्यावी लागते हे ओघानेच आले.

गणित बरोबर असूनही पेरा विरळ पडत असेल तर जमिनीचे चाक घसरत आहे का ते पाहावे. ओल्या काळ्या मातीत चाकाच्या कडांवर चिखल बसतो, चाक फिरण्याऐवजी ओढले जाते, आणि जेवढे अंतर ते न फिरता सरकते तेवढ्या अंतरात दाणा पडत नाही. म्हणून घेर केवळ व्यासावरून काढू नये. यंत्रात बियाणे भरून, प्रत्यक्ष वावरात चाकाचे १० फेरे होऊ द्यावेत, त्यात किती अंतर कापले गेले ते टेपने मोजावे आणि त्याला १० ने भागावे. हा आकडा १५७ ऐवजी १७० आला तर हिशेबात १७० धरावे.

आणखी एक सूचना मी प्रत्येक पेरणीयंत्रधारकाला करतो. तिफणीमागे चाड्यावर मूठ धरून चालणाऱ्या बाईच्या हाताला दाणा थांबला की तत्काळ कळत असे. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला मागची चेन उतरली तरी कळत नाही. आवाज ट्रॅक्टरचाच येत राहतो. माझ्या स्वतःच्या वावरात एका वर्षी अशीच चेन सुटली आणि चार तासे कोरी राहिली, ती आठ दिवसांनी उगवण पाहताना दिसली. प्रत्येक धुऱ्यावर वळताना एकदा उतरून चेन पाहावी.

प्रश्न : मी दुचाकीवर दुधाचे दोन कॅन बांधून रोज तालुक्याला जातो. चढावर गाडी दम टाकते. मागची चक्री ४२ दात्यांची आणि पुढची १४ दात्यांची आहे. मेकॅनिक म्हणतात, पुढची १३ दात्यांची करा. करावी काय?
(दूधविक्रेते, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा)

उत्तर : सध्या पुढच्या चक्रीचे ३ फेरे झाले की मागचे चाक १ फेरा घेते. पुढची १३ ची केल्यास हे प्रमाण ३.२३ होईल, म्हणजे ओढण्याची ताकद पावणेआठ टक्क्यांनी वाढेल आणि त्याच इंजिनवेगाला गाडीचा वेग तितक्याच प्रमाणात कमी होईल. मागची ४४ दात्यांची केल्यास ताकद पावणेपाच टक्क्यांनी वाढेल. पुढचा एक दाता मागच्या तीन दात्यांइतका परिणाम करतो हे यावरून दिसेल. पुढची चक्री स्वस्त असते म्हणून मेकॅनिक ती सुचवतात, पण लहान चक्रीवर चेन अधिक कोनात वाकते आणि लवकर झिजते. आपले रोजचे वजन पाहता मी मागची चक्री वाढवण्याचा सल्ला देईन.

चेनच्या ताणाकडे मात्र अधिक लक्ष द्या. लहान दुचाकींमध्ये चेन मधोमध वरखाली साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी असे असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत मिळेल. कॅन चढवल्यावर गाडी मागून बसते, मागच्या चाकाचे पुढच्या चक्रीपासूनचे अंतर वाढते आणि रिकाम्या गाडीवर ठीक वाटणारी चेन भरल्या गाडीवर तंग होते. तंग चेन बेअरिंग खाते. म्हणून कॅन बांधून, गाडीवर एकाला बसवून ताण एकदा तपासावा. चेन जोडताना लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेकडे ठेवावे. उलटे बसवले तर कशाला तरी अडकून क्लिप निघू शकते.

प्रश्न : माझ्या सायकलच्या पुढच्या दातेरी चाकाला ४८ आणि मागच्याला १८ दाते आहेत. घाटात पायडल दाबतच नाही. काय करता येईल?
(विद्यार्थिनी, इयत्ता नववी, तालुका चिखलदरा, जिल्हा अमरावती)

उत्तर : तू दाते मोजलेस हे फार चांगले केलेस. ४८ ला १८ ने भागले की २.६७ येतात, पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तितके फेरे घेते. मोठ्या सायकलच्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला तर एका फेऱ्यात तू ५.९ मीटर पुढे जातेस. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर हेच अंतर ४.८ मीटर होईल. पाय जास्त वेळा फिरवावे लागतील, पण प्रत्येक वेळी दाब जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी लागेल. सपाट रस्त्यावर मात्र तुला सायकल थोडी हळू वाटेल.

प्रश्न : चक्र्या १७, १९, २३ अशा विषम दात्यांच्याच अधिक का दिसतात? आणि जागा वाचवण्यासाठी ११ दात्यांची चक्री वापरली तर काय बिघडेल?
(वेल्डिंग वर्कशॉपचालक, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : चेनमध्ये आतली कडी आणि बाहेरची कडी आलटून पालटून येतात, म्हणून कड्यांची एकूण संख्या सम ठेवावी लागते, विषम करायची तर मुरडलेली अर्धी कडी घालावी लागते आणि ती कमजोर असते. सम कड्यांच्या चेनखाली सम दात्यांची चक्री ठेवली तर एक दाता जन्मभर फक्त आतल्या कडीत शिरतो आणि शेजारचा फक्त बाहेरच्या कडीत. त्यामुळे झीज एकाआड एक दात्यावर वेगवेगळी होते. दाते विषम असले की दर फेऱ्याला ही गाठ बदलते. १०० कड्या आणि १९ दाते असतील तर प्रत्येक दाता क्रमाक्रमाने प्रत्येक कडीला भेटतो, आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

लहान चक्रीचा दोष वेगळा आहे. चेन चक्रीभोवती वर्तुळात बसल्यासारखी दिसते, पण प्रत्येक कडी सरळ असल्यामुळे ती खरे तर बहुकोनात बसते. बहुकोन फिरताना चेन कधी कोपऱ्याच्या अंतरावर तर कधी बाजूच्या मध्याच्या अंतरावर असते, म्हणून चक्री एकसारखी फिरत असूनही चेनचा वेग दर दात्यामागे कमीजास्त होतो. ११ दात्यांवर हा फरक सुमारे ४ टक्के, १७ दात्यांवर सुमारे १.७ टक्के आणि २५ दात्यांवर ०.८ टक्के येतो. ११ दात्यांची चक्री हळू फिरणाऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ हाताने फिरवायच्या यंत्रात, चालेल. इंजिनवर किंवा मोटरवर चालणाऱ्या कामाला १७ च्या खाली जाऊ नये.

प्रश्न : मळणीयंत्राच्या ड्रमला पट्टा आणि इतर ठिकाणी चेन असे का? सगळीकडे चेनच लावली तर घसरण्याचा त्रास जाणार नाही काय?
(शेतकरी, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा)

उत्तर : ड्रम जलद फिरतो आणि त्यात ओली पेंढी एकदम गेली तर तो अडतो. अशा वेळी पट्टा घसरतो व त्यामुळे दांडा किंवा इंजिन वाचते. चेन घसरत नाही, ती काहीतरी तोडते. जेथे वेग कमी आणि ओढ जास्त असते, किंवा पेरणीयंत्राप्रमाणे फेऱ्यांचा हिशेब चुकून चालत नाही, तेथे चेनच योग्य.

प्रश्न : चेनला इंजिनमधून काढलेले जळके ऑइल घालतो. वरून ग्रीसही लावतो. तरी चेन टिकत नाही.
(याच आशयाची पत्रे अनेक)

उत्तर : टिकत नाही ती बहुधा त्यामुळेच. जळक्या ऑइलमध्ये काजळी आणि धातूचे बारीक कण असतात. सोयाबीन जमिनीलगत कापले जाते, त्यामुळे पेंढीबरोबर माती येते, आणि कुटाराची धूळ त्यात भर घालते. चिकट ग्रीसवर हे सगळे बसले की भांडी घासायच्या राखेसारखा लेप तयार होतो आणि तो पिन व बुश यांनाच घासत राहतो. ग्रीस घट्ट असल्यामुळे ते आत सांध्यात जात नाही. म्हणजे जेथे हवे तेथे कोरडे आणि जेथे नको तेथे ओले, अशी चेनची अवस्था होते.

यंत्र बंद करून चेन रॉकेलने किंवा डिझेलने ब्रश मारून धुवावी. पेट्रोल वापरू नये, आगीची भीती असते. वाळल्यावर ९० नंबरचे स्वच्छ गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने, आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब सोडावे, कारण सांध्यात जाण्याची वाट तेवढीच आहे. चेन आतून ओली राहिली आणि बाहेरून फडक्याने पुसून कोरडी झाली की काम बरोबर झाले. मळणी संपल्यावर यंत्र पावसापाण्यात तसेच उभे न ठेवता चेन काढून, धुऊन, ऑइलमध्ये बुडवून, पोत्यात गुंडाळून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीतले अर्धे दुखणे मला या एका कामाने टळलेले दिसले आहे.

प्रश्न : आम्ही बायका मळणीच्या वेळी यंत्राजवळ पेंढ्या देण्याचे काम करतो. तेल घालायला अडचण होते म्हणून मालकाने चेनवरचे पत्र्याचे झाकण काढून ठेवले आहे. सांगितले तर म्हणतात, लांब उभ्या राहा. यात खरोखर किती धोका आहे?
(शेतमजूर महिला, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा)

उत्तर : ताई, धोका फार मोठा आहे आणि तो लांब उभे राहून टळणारा नाही, कारण पेंढी द्यायला जवळ यावेच लागते. १९ दात्यांची चक्री मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर पाऊण इंची चेन सेकंदाला जवळजवळ १.८ मीटर धावते. पदराचे टोक चेन आणि चक्री जेथे भेटतात तेथे सापडले, तर अर्ध्या सेकंदात हातभर पदर आत जातो. माणूस दचकून मागे सरण्याआधीच हे घडते, आणि वर सांगितल्याप्रमाणे चेन पट्ट्यासारखी घसरून थांबत नाही. पदर कमरेला घट्ट खोचणे आणि बांगड्या मागे सारणे हे तुम्ही करालच, पण झाकणाची जागा ते घेऊ शकत नाही.

मळणीयंत्रांसाठी केंद्र सरकारचा १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा आहे. हे यंत्र कायद्याच्या दृष्टीनेही धोकादायकच आहे, ही गोष्ट मालकांना दाखवून देता येईल. त्याहून सोपा मार्ग म्हणजे त्यांची अडचण दूर करणे. झाकण एका बाजूने बिजागरीवर बसवावे, दुसऱ्या बाजूला पान्याशिवाय न उघडणारा एक बोल्ट ठेवावा, आणि चेनच्या खालून धावणाऱ्या भागासमोर पत्र्याला बोट जाणार नाही एवढे लहान भोक पाडून त्याला झडप लावावी. यंत्र बंद असताना लांब नळीची तेलाची कुपी त्या भोकातून आत जाते. गावातला कोणताही वेल्डर हे अर्ध्या दिवसात करून देईल. हे उत्तर त्याला आणि मालकांना, दोघांनाही वाचायला द्यावे.